सुडाचा ध्यास आणि तेलाचा व्यापार : ‘मोबी-डिक’च्या अभिजाततेचा इतिहास

एखाद्या साहित्यकृतीला अभिजात म्हणताना आपण सहसा तिच्या अंगभूत गुणांकडे निर्देश करतो. ते गुण कधी, कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत दिसू लागले, हा प्रश्न मात्र वाङ्मयेतिहासात पुष्कळदा मागे पडतो. हर्मन मेल्विल (१८१९–१८९१) या अमेरिकन लेखकाची ‘मोबी-डिक’ ही कादंबरी या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयुक्त आहे. १८५१ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा मराठीत कादंबरी हा प्रकार अजून जन्माला यायचा होता. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ त्यानंतर सहा वर्षांनी, १८५७ साली, आली. मेल्विलच्या हयातीत ‘मोबी-डिक’ जवळजवळ विस्मृतीत गेली आणि त्याच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी अमेरिकन साहित्याचा मानदंड म्हणून तिची प्रतिष्ठापना झाली. संहिता तीच राहिली आणि निकाल पूर्णपणे उलटला, याचे कारण काय असावे?

कादंबरीचे कथानक थोडक्यात सांगता येते. नॅन्टकेट बेटावरून ‘पेक्वॉड’ नावाचे देवमाशांच्या शिकारीचे जहाज निघते. मोबी-डिक या पांढऱ्या देवमाशाने पूर्वी कप्तान अहाबचा पाय तोडलेला असतो. मालकांनी जहाज तेल मिळवण्यासाठी पाठवलेले असले, तरी अहाब ते त्या एका प्राण्याच्या पाठलागाकडे वळवतो. अखेरीस तीन दिवसांच्या झुंजीनंतर जहाज बुडते आणि इश्माएल हा एकटा खलाशी ही कथा सांगण्यासाठी वाचतो. (अहाब, इश्माएल आणि राहेल ही बायबलमधील नावे असल्याने येथे त्यांची मराठी बायबलमधील रूपे योजली आहेत.) या कथासूत्राभोवती १३५ प्रकरणे आणि एक उपसंहार असा प्रचंड विस्तार आहे. त्यात देवमाशाचे वर्गीकरण, कवटी, शेपूट, चरबी कढवण्याच्या भट्ट्या, दोर, भाले, शिकारीचे कायदे असे विषय येतात.

पहिल्या वाचकांपैकी अनेकांना हा विस्तार म्हणजे पाल्हाळ वाटला. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, कादंबरीतील ध्यासाचा अर्थ याच ‘पाल्हाळा’त दडलेला आहे. अहाबचा ध्यास ज्या यंत्रणेवर स्वार होतो ती यंत्रणा तेथे दिसते आणि त्या ध्यासाला कादंबरीने दिलेले उत्तरही तेथेच सापडते. पुढील काळाला ही कादंबरी आपली वाटली ती मुख्यतः यामुळे.

१. धंदा आणि लेखक

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास देवमाशांची शिकार हा अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील एक मोठा उद्योग होता. १८४० नंतरच्या दशकात सातशेहून अधिक अमेरिकन जहाजे या धंद्यात होती. नॅन्टकेटचे वैभव तोवर ओसरू लागले होते आणि न्यू बेडफर्ड हे प्रमुख बंदर झाले होते. देवमाशाच्या तेलावर घरातले दिवे जळत आणि गिरण्यांच्या यंत्रांना वंगण मिळे. स्पर्म जातीच्या देवमाशाच्या डोक्यातील मेणासारख्या द्रव्यापासून उत्तम मेणबत्त्या बनत. एकेक सफर तीन-तीन, चार-चार वर्षे चाले. जहाजावरच माशाची चरबी सोलून, तुकडे करून, भट्टीवर कढवून पिंपांत भरली जाई. जहाज हा एक तरंगता कारखानाच होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

या धंद्यातील वेतनपद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. खलाशांना पगार नसे. सफरीच्या निव्वळ उत्पन्नातील ठरावीक वाटा मिळे. पेलेग आणि बिल्दाद हे दोन क्वेकर पंथीय मालक-भागीदार इश्माएलला कामावर घेताना वाट्याची घासाघीस करतात, तो प्रसंग विनोदी आहे. बिल्दाद सातशे सत्त्याहत्तरावा वाटा सुचवतो, अखेर तीनशेवा ठरतो. पॅसिफिक बेटावरून आलेल्या क्वीक्वेगची भालाफेक पाहिल्यावर मात्र त्याला एकदम नव्वदावा वाटा देऊ केला जातो. जहाजाची मालकीही विभागलेली आहे. गावातील विधवा, पोरकी मुले आणि वृद्ध यांचे लहानलहान हिस्से त्यात गुंतलेले आहेत. हा तपशील मेल्विल ओझरता देतो. पण पेक्वॉड बुडते तेव्हा त्या विधवांचे भांडवलही बुडते, हे वाचकाने विसरू नये.

मेल्विलला हा धंदा पुस्तकांतून कळला नव्हता. त्याचे वडील दिवाळखोरीनंतर १८३२ साली वारले आणि त्याचे शिक्षण अर्धवट राहिले. ३ जानेवारी १८४१ रोजी ‘अकुशनेट’ या शिकारी जहाजावर तो खलाशी म्हणून निघाला. दीड वर्षाने मार्केसास बेटांपैकी नुकू हिवा येथे तो जहाज सोडून पळाला. आणखी काही जहाजांवर काम करून १८४४ च्या ऑक्टोबरमध्ये परतला. या अनुभवांवरील ‘टायपी’ (१८४६) आणि ‘ओमू’ (१८४७) ही पुस्तके खपली आणि दक्षिण समुद्रातील साहसांचा लेखक म्हणून तो प्रसिद्ध झाला. या प्रसिद्धीने निर्माण केलेली अपेक्षा पुढे ‘मोबी-डिक’च्या वाट्याला आलेल्या निराशेचे एक कारण ठरली.

अनुभवाला वाचनाची जोड मिळाली. २० नोव्हेंबर १८२० रोजी नॅन्टकेटचे ‘एसेक्स’ हे जहाज पॅसिफिक महासागरात एका स्पर्म देवमाशाने धडक देऊन बुडवले. लहान होड्यांतून निघालेल्या वीस जणांपैकी आठच वाचले, त्यांतील काही जण तर मृत सोबत्यांचे मांस खाऊन. जहाजावरील अधिकारी ओवेन चेस याने १८२१ मध्ये लिहिलेला वृत्तान्त मेल्विलने सफरीवर असतानाच वाचला होता. ‘मोका डिक’ नावाच्या एका पांढऱ्या देवमाशाविषयीचा जेरेमाया रेनल्ड्सचा लेख १८३९ साली एका अमेरिकन मासिकात आला होता. त्याच वर्षीच्या थॉमस बील यांच्या स्पर्म देवमाशावरील ग्रंथाचा मेल्विलने भरपूर उपयोग केला. १८४९ साली त्याने शेक्सपिअर नव्याने वाचला. अहाबच्या स्वगतांत त्याचे पडसाद स्पष्ट ऐकू येतात. १८५० च्या ऑगस्टमध्ये नॅथॅनिएल हॉथॉर्नशी त्याचा परिचय झाला आणि पुढे ही कादंबरी त्याने हॉथॉर्नलाच अर्पण केली. खलाशाचा अनुभव, प्राणिशास्त्रीय ग्रंथ आणि शेक्सपिअरची शोकात्मिका या तीन भिन्न गोष्टी या कादंबरीत एकत्र आल्या आहेत.

२. १८५१ : दोन आवृत्त्या आणि एक आक्षेप

कादंबरी प्रथम लंडनमध्ये १८ ऑक्टोबर १८५१ रोजी ‘द व्हेल’ या नावाने, तीन खंडांत प्रसिद्ध झाली. रिचर्ड बेंटली या प्रकाशकाने ५०० प्रती काढल्या. ईश्वरनिंदा किंवा राजसत्तेचा अधिक्षेप वाटतील अशा अनेक जागा त्या आवृत्तीत गाळल्या गेल्या होत्या आणि उपसंहारही छापला गेला नव्हता. इश्माएल कसा वाचला हे त्या उपसंहारातच सांगितलेले असल्याने, सारे खलाशी बुडाल्यावर ही कथा सांगतो कोण, असा प्रश्न इंग्लंडमधील समीक्षकांनी उपस्थित केला. संहितेतील एका पानाच्या अभावाने रचनेविषयीचा मोठा आक्षेप कसा जन्माला येतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. न्यूयॉर्कच्या हार्पर अँड ब्रदर्सची, ‘मोबी-डिक, ऑर, द व्हेल’ या नावाची आवृत्ती १४ नोव्हेंबर १८५१ रोजी आली. तीत उपसंहार होता. परंतु तोवर इंग्रजी परीक्षणे अटलांटिक ओलांडू लागली होती.

सर्वच परीक्षणे प्रतिकूल होती, हा पुढे रूढ झालेला समज बरोबर नाही. इंग्लंडमध्ये काहींनी भाषेच्या सामर्थ्याचे मनःपूर्वक कौतुक केले. मात्र आक्षेपांत एक सूत्र वारंवार आढळते, ते मिश्रणाविषयीच्या अस्वस्थतेचे. मेल्विलचा मित्र एव्हर्ट डायकिंक यालाही या एका ग्रंथात दोनतीन ग्रंथ एकत्र बांधल्यासारखे वाटले. साहसकथा हवी असणाऱ्यांना तत्त्वचिंतन अडले, माहिती हवी असणाऱ्यांना अहाबचा आक्रस्ताळेपणा खटकला आणि धर्मनिष्ठ वाचकांना पाखंडाचा वास आला. मेल्विलच्या हयातीत अमेरिकन आवृत्तीच्या तीन हजारांहून थोड्या अधिक प्रती खपल्या. १८५३ मध्ये हार्परच्या इमारतीला लागलेल्या आगीत शिल्लक प्रतीही जळाल्या.

३. ध्यासाची साधने

अहाब हे पात्र जगभर वेडाचे प्रतीक म्हणून ओळखले जाते. परंतु केवळ वेडा माणूस तीस खलाशांचे जहाज तीन महासागरांतून नेऊ शकत नाही. आपला हेतू वेडा असला तरी आपली साधने शहाणपणाची आहेत, याची जाणीव स्वतः अहाबला आहे. नकाशे, प्रवाह, देवमाशांच्या स्थलांतराचे हंगाम यांचा त्याचा अभ्यास चोख आहे. जहाजावरची शिस्त, करार आणि वाटे हे सारे मालकांनी तेलासाठी उभे केले. अहाब यातील काहीही मोडत नाही, तो ते सारे वापरतो. हा मुद्दा स्पष्ट करणारी तीन स्थळे पाहू.

पहिले स्थळ छत्तिसाव्या प्रकरणातील आहे. अहाब सर्वांना डेकवर बोलावतो आणि सोळा डॉलर किमतीचे एक सोन्याचे नाणे डोलकाठीवर ठोकतो. पांढरा देवमासा जो प्रथम पाहील त्याचे ते नाणे. मुख्य अधिकारी स्टारबक एकटाच विरोध करतो. या सुडातून नॅन्टकेटच्या बाजारात तेलाची किती पिंपे मिळतील, असे तो विचारतो. मुक्या प्राण्याचा सूड घेणे हे त्याला पापही वाटते. प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या विरोधाला आधार आहे तो कर्तव्य आणि बाजारभाव यांचाच आणि बाजाराच्या भाषेत उत्तर देणारे नाणे अहाबने आधीच वर ठोकलेले आहे. खलाशांचा जयघोष होतो तो द्वेष आणि लोभ यांच्या या संयोगातून.

दुसरे स्थळ शेहेचाळिसावे प्रकरण. येथे अहाब थंड डोक्याने हिशेब करतो. उदात्त आवेश माणसाला रोज पुरत नाही. पैशाची आशा सुटली तर हेच खलाशी उद्या आपल्याविरुद्ध उठतील. शिवाय जहाजाचा खरा हेतू बदलल्याबद्दल त्यांना कायद्याचा आधारही मिळेल. म्हणून वाटेत दिसणाऱ्या इतर देवमाशांची शिकार चालू ठेवायची, पिंपे भरत राहायची. नेहमीचा धंदा हाच ध्यासाचा बुरखा होतो.

तिसरे स्थळ एकशे नवव्या प्रकरणात आहे. पिंपांतून तेल गळू लागते. जहाज थांबवून पिंपे वर काढावीत, असा स्टारबकचा आग्रह असतो. अहाब प्रथम त्याच्यावर बंदूक रोखतो आणि मग माघार घेऊन त्याचे म्हणणे मान्य करतो. पुढे एकशे तेविसाव्या प्रकरणात तीच बंदूक हातात घेऊन स्टारबक झोपलेल्या कप्तानाच्या दाराशी उभा राहतो. आपण हा खून केला नाही तर सारे मरतील, हे त्याला कळते. तरीही तो बंदूक जागेवर ठेवून परततो. एक सज्जन, कर्तव्यनिष्ठ, विचारी माणूस विनाश समोर दिसत असूनही तो थांबवू शकत नाही. कादंबरीतील खरी शोकात्मिका अहाबइतकीच स्टारबकचीही आहे, असे म्हणता येईल.

या व्यापाराची किंमत माणसांत मोजली जाते, याची आठवण पिप या कृष्णवर्णीय मुलाच्या प्रसंगात येते. भीतीने होडीतून उडी टाकणाऱ्या पिपला अधिकारी स्टब बजावतो की, अलाबामाच्या बाजारात पिपला जी किंमत येईल तिच्या तीसपट किंमत देवमाशाला येते. पुढच्या वेळी त्याला समुद्रातच सोडून होडी निघून जाते आणि त्या एकाकी काळात पिपची बुद्धी भ्रमते. ही कादंबरी लिहिली जात असताना, १८५० साली, पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा अमेरिकेत झाला होता. १८५१ मध्ये थॉमस सिम्स या तरुणाला त्या कायद्यान्वये बोस्टनहून परत पाठवले गेले, तेव्हा मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश होते लेम्युएल शॉ, म्हणजे मेल्विलचे सासरे. कादंबरी या प्रकरणाचे नाव घेत नाही. परंतु सद्सद्विवेक आणि नियम यांच्या कचाट्यात सापडलेला भला माणूस मेल्विलने घरातच पाहिला होता.

४. अनेकांगी देवमासा

अहाबला मोबी-डिकमध्ये एकच अर्थ दिसतो. जगातील सारे दुष्टपण त्या पांढऱ्या देहात साठले आहे, अशी त्याची धारणा झालेली आहे. इश्माएल मात्र त्याच प्राण्याकडे शेकडो बाजूंनी पाहतो. बत्तिसाव्या प्रकरणात तो ग्रंथांच्या आकारांवरून देवमाशांचे वर्गीकरण मांडतो आणि ते अपुरेच सोडतो. बेचाळिसाव्या प्रकरणात पांढऱ्या रंगाची भीती का वाटते याचा शोध घेतो आणि कोणत्याही एका उत्तरावर स्थिरावत नाही. पुढे चित्रे, सांगाडे, जीवाश्म, कायदे या सर्वांचा धांडोळा घेऊन शेवटी जिवंत देवमासा संपूर्ण कोणालाच कळत नाही, अशी कबुली देतो. म्हणजे एकाच प्राण्यासमोर मनाच्या दोन वृत्ती उभ्या आहेत. एक सारे एका अर्थात कोंबते, दुसरी प्रत्येक अर्थ तात्पुरता मानते. तथाकथित पाल्हाळ हा या दुसऱ्या वृत्तीचा आविष्कार आहे. तो काढून टाकला तर उरते ती अहाबची गोष्ट, आणि तीही अहाबच्याच नजरेने पाहिलेली.

हा भेद कृतीतही उतरतो. शहाण्णवाव्या प्रकरणात रात्री सुकाणूवर उभा असलेला इश्माएल चरबीच्या भट्टीच्या ज्वाळांकडे टक लावून पाहता पाहता भानावरून जातो, नकळत पाठमोरा वळतो आणि जहाज उलटण्याची वेळ येते. त्याने स्वतःला आवरल्यामुळे ती टळते. ध्यासाचा मोह निवेदकालाही आहे. त्यातून बाहेर पडण्याची शक्यता मात्र त्याने गमावलेली नाही. उलट ‘राहेल’ या जहाजाचा कप्तान आपल्या हरवलेल्या मुलाच्या शोधासाठी मदत मागतो, तेव्हा अहाब नकार देतो. शेवटी क्वीक्वेगसाठी बनवलेल्या शवपेटीच्या आधाराने तरंगणाऱ्या इश्माएलला उचलते ते हेच, मुलाला शोधत फिरणारे जहाज.

५. कादंबरीतील भारत

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने इश्माएलच्या या धांडोळ्यातील काही स्थळे विशेष लक्षणीय आहेत. सहाव्या प्रकरणात, बंदरांच्या रस्त्यांवर परकी माणसे कशी दिसतात हे सांगताना, तो मुंबईच्या अपोलो ग्रीनचा उल्लेख करतो. तेथे यांकी लोकांना पाहून स्थानिक माणसे बिचकत, असे तो गमतीने म्हणतो. पंचावन्नाव्या प्रकरणात देवमाशाचे सर्वांत प्राचीन चित्र घारापुरीच्या लेण्यांत आहे, असे तो सांगतो. विष्णूचा मत्स्यावतार तेथे कोरला असून अर्धा मनुष्य, अर्धा मासा अशा त्या आकृतीची शेपूट देवमाशाच्या रुंद शेपटीऐवजी अजगराच्या निमुळत्या शेपटीसारखी झाली आहे, अशी त्याची तक्रार आहे. ब्याऐंशीव्या प्रकरणात समुद्रतळाशी गेलेले वेद वर आणणाऱ्या विष्णूला तो शिकारी खलाशांच्या कुळातच गणून टाकतो.

वस्तुतः घारापुरीची मुख्य लेणी शैव आहे. सदाशिव, अर्धनारीश्वर, गंगाधर, नटराज, अंधकासुरवध ही तेथील शिल्पे प्रसिद्ध आहेत. इश्माएल वर्णन करतो तशा मत्स्यावताराला त्यांत स्थान नाही. मेल्विल मुंबईला कधी आला नव्हता. युरोपीय ग्रंथांतून त्याच्यापर्यंत पोहोचलेला हा भारत आहे. अहाबचा गूढ सोबती फेदल्ला याचीही तीच गत. त्याला पारशी आणि अग्निपूजक म्हटले आहे; तो भविष्य वर्तवतो आणि अहाबला विनाशाकडे नेणाऱ्या सावलीसारखा वावरतो. त्याच काळात मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे पारशी कारागीर सागवानी जहाजे बांधत होते. त्यांनी बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ सालचे लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये जतन केलेले आहे. समुद्राशी खरे नाते असलेला पारशी समाज कादंबरीत मात्र पौर्वात्य गूढतेचे सोंग घेऊन येतो. ही कादंबरीची मर्यादा आहे आणि ती स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. तथापि स्वतःच्या माहितीवर सतत शंका घेणाऱ्या निवेदकाच्या तोंडी घारापुरीची चूक आल्याने, ती चूकही ग्रंथाच्या मूळ भूमिकेला धरूनच आहे. देवमाशाचे सर्व चित्रण सदोष असते, असे तोच तर सांगत असतो.

येथे मराठीतील ‘देवमासा’ या शब्दाचा विचार उद्बोधक ठरतो. लिनीयसने या प्राण्यांना माशांपासून वेगळे केले असूनही इश्माएल हट्टाने देवमाशाला मासाच म्हणतो. आपल्या शब्दातही तो मासाच आहे, शिवाय देवही आहे. अहाबच्या दृष्टीने या प्राण्यात दुष्ट शक्ती वसते, मालकांच्या दृष्टीने तो तेलाचा साठा आहे. आपल्या भाषेने त्याला ज्या नावाने हाक मारली आहे त्यात या दोन्ही दृष्टींपेक्षा वेगळी, आदराची आणि अंतर राखण्याची भावना आहे.

६. विस्मृती आणि पुनर्वाचन

‘पिएर’ (१८५२) आणि ‘द कॉन्फिडन्स-मॅन’ (१८५७) यांच्या अपयशानंतर मेल्विलने गद्य कथालेखन जवळजवळ थांबवले. १८६६ पासून १९ वर्षे त्याने न्यूयॉर्कच्या जकात खात्यात निरीक्षक म्हणून नोकरी केली. दरम्यान त्याच्या कादंबरीतील उद्योगही मावळत होता. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेक याने खनिज तेलाची विहीर खोदली आणि केरोसीनने देवमाशाच्या तेलाची जागा घेतली. २८ सप्टेंबर १८९१ रोजी मेल्विल वारला, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या अल्पशा नोंदीत कादंबरीचे नावही चुकीचे छापले गेले होते.

या काळातही कादंबरी पूर्णपणे मृत नव्हती. इंग्लंडमध्ये तिचे थोडे निष्ठावंत वाचक होते. १९०७ साली ‘एव्हरीमन’ आणि १९२० साली ‘वर्ल्ड्स क्लासिक्स’ या स्वस्त मालांत ती आली. १९१९ च्या जन्मशताब्दीनिमित्त रेमंड वीव्हर याने लिहिण्यास सुरुवात केली. त्याचे मेल्विल-चरित्र १९२१ मध्ये आले आणि त्याच्याच हाती लागलेले ‘बिली बड’ हे अपूर्ण हस्तलिखित १९२४ मध्ये छापले गेले. डी. एच. लॉरेन्सचा अमेरिकन अभिजात साहित्यावरील ग्रंथ १९२३ चा, रॉकवेल केंट यांच्या चित्रांची गाजलेली आवृत्ती १९३० ची आणि एफ. ओ. मॅथिसन यांचा ‘अमेरिकन रेनेसान्स’ १९४१ चा. या क्रमाने कादंबरी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात स्थिरावली.

पुनरुज्जीवन नेमके पहिल्या महायुद्धानंतर व्हावे, हा योगायोग मानता येत नाही. एकसंध रचनेचा आग्रह सैल करणारी नवी कादंबरी वाचकांच्या परिचयाची होऊ लागली होती. जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ १९२२ साली आली. जे मिश्रण पूर्वी दोष वाटत होते ते सामर्थ्य वाटू लागले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सुसज्ज, शिस्तबद्ध, शास्त्रशुद्ध यंत्रणा विनाशाच्या हेतूला कशी जुंपली जाते, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते.

हा अर्थ सर्वाधिक स्पष्टपणे मांडला तो त्रिनिदादचे विचारवंत सी. एल. आर. जेम्स यांनी. १९५२ मध्ये अमेरिकन सरकारने त्यांना हद्दपार करण्यासाठी एलिस बेटावर स्थानबद्ध केले. तेथे त्यांनी मेल्विलवर पुस्तक लिहिले आणि ते १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. अहाबमध्ये त्यांना विसाव्या शतकातील सर्वंकष सत्ताधीशाचे पूर्वरूप दिसले आणि नाना देशांतील खलाशांत खरी माणुसकी दिसली. स्वतः बंदिवान असताना, सभोवती नाना देशांचे स्थानबद्ध लोक असताना केलेले हे वाचन आहे.

यानंतर अहाब राजकीय रूपक म्हणून वारंवार वापरला गेला. १९७० च्या दशकात पश्चिम जर्मनीतील ‘रेड आर्मी फॅक्शन’ या सशस्त्र गटाच्या कैदेतील सदस्यांनी परस्परांना याच कादंबरीतील टोपणनावे दिली आणि त्यांच्या म्होरक्याचे नाव अहाब होते. सप्टेंबर २००१ मधील हल्ल्यांनंतर एडवर्ड सईद यांनी अमेरिकेच्या संभाव्य प्रत्युत्तराविषयी इशारा देताना अहाबचीच आठवण दिली. राज्यसत्तेशी लढणारे आणि राज्यसत्तेला सावध करणारे दोघेही एकाच पात्राकडे वळतात, यावरून त्या पात्राची व्याप्ती कळते. मात्र रूपक म्हणून सुटा काढलेला अहाब फार लवकर सोपा होतो. तो कोणाच्या जहाजावर, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या संमतीने निघाला, हे प्रश्न मागे राहतात.

आपल्या काळाने या कादंबरीला आणखी एक प्रश्न विचारला आहे. एकशे पाचव्या प्रकरणात इश्माएल देवमासे नामशेष होतील का, याचा विचार करतो आणि होणार नाहीत असा निर्वाळा देतो. त्याच्यासमोर शिडाची जहाजे आणि हाताने फेकण्याचे भाले होते. पुढे यांत्रिक बोटी आणि स्फोटक भाले आले; विसाव्या शतकात सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले, असा संशोधकांचा अंदाज आहे. आंतरराष्ट्रीय आयोगाने १९८२ साली व्यापारी शिकारीवर बंदीचा निर्णय घेतला आणि तो १९८६ पासून अमलात आला. इश्माएलचे भाकीत चुकण्याच्या बेतात होते, ते कोणा अहाबमुळे नव्हे. ध्यासाचा लवलेश नसलेल्या, हिशेबी उद्योगानेच तो संहार केला. वेडा कप्तान आणि शहाणा व्यापार यांत अधिक संहारक कोण, हा प्रश्न आज त्यामुळे निराळ्या अर्थाने उभा राहतो.

७. समारोप

‘मोबी-डिक’च्या या इतिहासातून वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकासाठी दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली म्हणजे, समकालीन निकाल हा महत्त्वाचा दस्तऐवज असला तरी तो अंतिम निकाल नसतो. त्यात प्रकाशकाने गाळलेले पान, लेखकाविषयी झालेला पूर्वग्रह आणि त्या काळचे रचनाविषयक संकेत मिसळलेले असतात. कृतीचे पुनर्मूल्यांकन होण्यासाठी ती उपलब्ध राहावी लागते. थोड्या निष्ठावंत वाचकांनी आणि स्वस्त मालांनी ती उपलब्ध ठेवली नसती, तर १९१९ ची शताब्दी कोणाच्या लक्षातही आली नसती. मराठीतील एकोणिसाव्या शतकातील जी पुस्तके ‘पाल्हाळिक’ किंवा ‘रचनाशिथिल’ असा शेरा मिळून कपाटात गेली, त्यांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरी गोष्ट संहितेच्या पूर्णतेची. ही कादंबरी संक्षिप्त करताना नेहमी देवमाशाच्या वर्णनाची, तेलाची आणि दोरांची प्रकरणे कापली जातात आणि पाठलाग तेवढा ठेवला जातो. बालवाचकासाठी ते ठीक असेल. परंतु ज्यांना मराठीत ही कादंबरी गंभीरपणे आणावयाची आहे, त्यांनी हा मोह टाळला पाहिजे. आपल्याकडे कोकणच्या खलाशांची आणि दर्यावर्दींची शब्दसंपदा आहे. भाला, दोर, शीड, सुकाणू यांची ती प्रकरणे मराठीत आणण्यास ती उपयोगी पडेल. त्या प्रकरणांतच कळते की पेक्वॉड बुडाले ते एकट्या अहाबमुळे नव्हे. करार पाळणारे, वाट्याची वाट पाहणारे आणि बंदूक हातात असूनही ती परत जागेवर ठेवणारे सारेच त्या जहाजावर होते.